क्रोधाचें घर

सन १९४८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत मिरजेपासून कांहीं कोसांवर असलेला आमचा वडिलोपार्जित वाडा जळाला. महात्माजींचा खून ३० जानेवारीस सायंकाळीं दिल्लीस झाला. खून करणारा नथुराम गोडसे हा महाराष्ट्रीय ब्राह्मण आहे ही वार्ता इकडे पोंचली, आणि मग पुणें, सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या टापूंत जें घडलें तें या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरीं कोणी ना कोणी सांगितलेलें असेलच. शेंकडों घरें भस्मसात् झालीं. कोल्हापुरांतील भालजी पेंढारकरांचा स्टुडिओहि त्यांतून सुटला नाहीं. मिरज त्या वेळीं पटवर्धनांचें संस्थान होतें. दक्षिणेंतील संस्थानें ८ मार्च रोजीं मुंबई प्रांतांत विलीन व्हावयाचीं होतीं, म्हणजे जुना अंमल गेल्यासारखा व नवा अद्यापि यावयाचा, असे ते दिवस. माझा जन्म त्यानंतरचा. तेव्हां मी लिहितों तें ऐकीव आहे. पण ज्या आजीच्या तोंडून ऐकलें, ती पदरचें कांहीं मिसळणाऱ्यांपैकीं नव्हती.

आगीचें वर्णन आजी फारसें करीत नसे. गेलेलीं भांडीं, दागिने, पणजोबांच्या हातच्या पोथ्या यांची यादी काका सांगत. आजी सांगे ती एकच गोष्ट, आणि ती दर वेळीं जवळ जवळ त्याच शब्दांत. घरांतील माणसें शेजारच्या लिंगायत कुटुंबानें आधींच मागील दारानें आपल्या माजघरांत नेऊन बसविलीं होतीं, व तेथील झरोक्यांतून तिनें सर्व पाहिलें. मशाल घेऊन पुढें आलेला तरुण ओळखीचा होता. त्याचें लहानपण आमच्याच ओसरीवर गेलें होतें. आजोबांनीं त्याला धुळाक्षरें शिकविलीं होतीं. जमाव दारांत ओरडत उभा असतां तो एकटाच मागें गोठ्यांत गेला, गाय व वासरूं यांचीं दावीं सोडून त्यानें तीं ओढ्यापलीकडे हांकून दिलीं, आणि परत येऊन कडब्याच्या गंजीला मशाल लावली.

“गाय सोडण्याइतकी शुद्ध त्याला होती,” आजी म्हणे, “मग आमच्याविषयींची शुद्ध तेवढी कोठें गेली?”

काकांचें उत्तर ठरलेलें असे : तो राक्षस होता. आजीला तें पटत नसे. राक्षस गाय सोडीत नाहीं, असें ती म्हणे.

मी स्वतः शास्त्रज्ञ नाहीं. आयुष्य शिक्षकाच्या नोकरींत गेलें. परंतु मेंदूविषयीं अलीकडे जें कांहीं प्रसिद्ध होत आहे तें वाचण्याचा नाद मला आहे, व तें वाचीत असतां आजीचा हा प्रश्न वारंवार पुढें उभा राहतो. त्याचें पुरतें उत्तर शास्त्राजवळ आहे असें नव्हे. पण काकांचें उत्तर चुकीचें होतें, एवढें तरी आतां निश्चितपणें म्हणतां येतें, आणि तें कां चुकीचें, हें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

आपल्याकडे क्रोधाची गणना षड्रिपूंत केलेली आहे. शत्रु म्हटला कीं त्याचा कोठें तरी तळ असावयाचा, आणि तळ सांपडला कीं शत्रूचा बंदोबस्त करतां यावयाचा! पाश्चात्य शास्त्रज्ञांनींहि प्रथम तळच शोधला. झूरिच येथील वॉल्टर हेस यांनीं मांजरांच्या मेंदूंत अतिशय बारीक तारा बसविल्या आणि मांजर जागें व मोकळें असतांना त्यांतून सौम्य वीज सोडली. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. माणसांत त्याचें वजन अवघें चार ग्रॅमच्या आसपास भरतें. भूक, तहान, अंगाची ऊब, कामवासना यांची व्यवस्था तेथून चालते. त्यांतील विशिष्ट जागीं वीज पोंचतांच स्वस्थ बसलेलें मांजर पाठीची कमान करून, केंस फुलवून, फिसकारत समोरच्यावर धांवून जाई. वीज थांबली कीं पुनः स्वस्थ. या शोधाबद्दल हेस यांना १९४९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तें त्यांच्याबरोबर विभागून मिळालें पोर्तुगालच्या एगास मोनीझ यांना, मेंदूच्या पुढील भागांतील तंतू तोडून मनोरुग्णांवर उपचार करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. त्या शस्त्रक्रियेनें पुढें किती माणसें निर्जीव बाहुल्यांसारखीं करून ठेविलीं हें कळल्यावर त्या निवडीविषयीं खेद वाटणारे लोक आज पुष्कळ आहेत.

तळ सांपडला या भ्रमांत आणखी कांहीं वर्षें गेलीं. १९६३ मध्यें स्पेनमधील कॉर्दोबा गांवीं होसे देल्गादो नांवाचा संशोधक एका लढाऊ वळूसमोर रिंगणांत उभा राहिला. वळू अंगावर येत असतां त्यानें हातांतील यंत्राची कळ दाबली आणि वळूच्या मेंदूंत बसविलेल्या तारेंत वीज जाऊन तो जागच्या जागीं थबकला. वर्तमानपत्रांतून मोठा गाजावाजा झाला. वळूचा राग गेला, कीं केवळ त्याचे पाय अडखळून तोंड दुसरीकडे वळलें, हा प्रश्न इतर शास्त्रज्ञांनीं मागाहून विचारला; तो गाजला नाहीं. आपल्या देशांतहि मद्रास येथें डॉ. बी. राममूर्ति व डॉ. व्ही. बालसुब्रह्मण्यम् यांनीं १९६० नंतरच्या काळांत अनावर आक्रमक रुग्णांवर मेंदूंतील अमिग्डला ही बदामाच्या आकाराची गांठ सुईनें निकामी करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांत मुलेंहि होतीं. कांहींना आराम पडल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे, आणि ज्या आईबापांना असें मूल सांभाळावें लागलें असेल त्यांना दोष देण्यास मी धजणार नाहीं. तथापि अशा शस्त्रक्रिया आतां क्वचितच होतात. भयाची जाण, दुसऱ्याचा चेहरा ओळखणें, धोका स्मरणांत ठेवणें यांतहि त्याच गांठीचा हात असतो. एकच गोष्ट उपटावयास जावें तर दहा गोष्टींचीं मुळें हातांत येतात.

खरें वळण आलें तें २०११ सालीं. अमेरिकेंतील कॅल्टेक या संस्थेंत दायू लिन, डेव्हिड अँडरसन व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील एका ठिपक्याएवढ्या जागेंतील पेशी प्रकाशानें चेतवितां येतील अशा केल्या, व बारीक कांचतंतूंतून तेथें प्रकाश सोडला. प्रकाश पडतांच नर उंदीर दुसऱ्या नरावर तुटून पडे. एरवीं ज्या मादीला तो कधीं चावला नसता तिच्यावरहि. इतकेंच नव्हे, तर हवा भरून फुगविलेल्या रबरी हातमोज्यावरहि! पण यापेक्षां नवलाची गोष्ट निराळीच होती. त्याच ठिपक्यांत, त्याच पेशींच्या दाटींत, समागमाच्या वेळीं चेतणाऱ्याहि पेशी होत्या. नर मादीशीं रत झाला कीं हल्ल्याच्या पुष्कळशा पेशी गप्प होत, आणि त्या वेळीं प्रकाश सोडूनहि त्याला भांडावयास लावणें कठीण जाई. पुढें २०१४ मध्यें त्याच प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं, त्यांतील एका जातीच्या पेशींना मंद प्रकाशानें चेतविलें तर उंदीर जवळ जाऊन हुंगतो, अंगचटीस जातो. प्रकाश वाढविला कीं चावतो. जवळीक आणि हल्ला हीं एकाच ओसरीवर राहणारीं बिऱ्हाडें निघालीं.

शिवाय तो ठिपका स्वयंभू नाहीं. समोर कोण आहे ही वर्दी त्याला वासाच्या मार्गानें अमिग्डलाकडून येते. प्रत्यक्ष चावण्याची हालचाल त्याखालीं मध्यमेंदूंतील निराळे तंतू करवितात. सेप्टम नांवाचा एक पडदेवजा भाग त्याच्यावर सतत लगाम ठेवतो. हा भाग दुखावला तर गरीब स्वभावाचा उंदीरहि हात लावतांच पिसाळल्यासारखा करतो, हें १९५३ पासून ठाऊक आहे. या सर्वांच्या वर, माणसांत विशेष वाढलेला, कपाळामागचा पुढचा मेंदू. परिणामांचा विचार तेथें होतो. म्हणजे क्रोधाचें घर असें कोठें नाहींच. आहे ती एक वर्दळीची वाट, आणि तिच्यावर भूक, भय, प्रेम, मत्सर हे सर्व जा-ये करीत असतात.

मिरजकरांना ही गोष्ट समजावयास जड जाऊं नये. आमच्या सतारमेकर गल्लींत जाऊन एखाद्या कारागिराच्या दुकानांत बसावें. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं गेल्याच्या मागील शतकांत हा धंदा येथें सुरू केला, असें सांगतात. तेथें सतारीच्या वरच्या तारा छेडल्या म्हणजे खालच्या तरफा, त्यांना कोणी स्पर्श न करतां, आपोआप बोलूं लागतात. मात्र ज्या तरफा त्या स्वराला लावलेल्या असतील त्याच. राग कोणत्या तारेंत आहे, असें कारागिरास विचारलें तर तो हंसेल. आजचे संशोधक उंदराच्या मेंदूंतील अनेक केंद्रांत एकदम तारा बसवून तेथील विजेच्या लहरी मोजतात, आणि त्यांना दिसतें तें याच धर्तीचें आहे : लढाऊ मनःस्थिति एखाद्या केंद्रापेक्षां अनेक केंद्रांतील लहरींच्या परस्परसंबंधांतच अधिक स्पष्ट वाचतां येते.

येथें एक अप्रिय भाग सांगितला पाहिजे. हल्ला ही जनावरालाहि कधीं कधीं आवडणारी गोष्ट आहे. जिंकण्याची चटक लागलेले नर उंदीर, नाकानें कळ दाबली तर दुर्बळ उंदीर समोर येतो असें शिकवलें असतां, ती कळ पुनः पुनः दाबतात. ज्या पिंजऱ्यांत मारामारी करावयास मिळाली त्याच पिंजऱ्यांत जाऊन बसतात. गोड खाल्ल्यावर जे तंतू सुखावतात, त्यांचाच संबंध येथेंहि येतो. आणि उंदीर अंदाधुंद भांडतो असेंहि नाहीं. आपल्याहून वरचढ नरापुढें तोच उंदीर अंग चोरून बसतो.

हें वाचलें तेव्हां मला काकांची आठवण झाली. वाडा जाळणाऱ्यांना राक्षस म्हणणाऱ्या काकांचा स्वतःचा राग आमच्या घरांत प्रसिद्ध होता. आमटींत मीठ कमी पडलें तर ताट अंगणांत जाई. काकूच्या डोळ्यांतील पाणी आम्हां मुलांना पुढें पुढें दिसेनासेंच झालें होतें. “माझा स्वभावच तापट, मला आवरत नाहीं,” असें ते म्हणत, आणि घरांतील वडील मंडळीहि ‘मन निर्मळ आहे हो’ असें म्हणून सोडून देत. पण मामलेदार कचेरींत तीन तास ताटकळत ठेवलें असतां हेच काका हंसतमुखानें परत येत! तेथें लगाम होता, घरीं नव्हता. मेंदूंतील तंतू तेच. आपल्या एकत्र कुटुंबांतून अशा तापट पुरुषांचें कौतुकच पुष्कळ झालें आहे, आणि तो ताप नेहमीं उताराच्याच दिशेनें कसा वाहतो हें सुनांना शास्त्राच्या आधीं ठाऊक होतें.

आतां जमावाकडे वळूं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँ यानें १८९५ मध्यें जमावावर ग्रंथ लिहून, जमावांत शिरलेला मनुष्य आपलें व्यक्तित्व गमावतो असें प्रतिपादन केलें. तो ग्रंथ तिरस्कारानें भरलेला आहे. पण एक धागा त्यानें बरोबर पकडला. अमेरिकेंत एका सणाच्या रात्रीं मुलें सोंगें घेऊन घरोघर खाऊ मागतात. १९७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा हजारांहून अधिक मुलांना ‘एकेकच गोळी घे’ असें सांगून यजमानीण आंत गेली, व आडून कोणी तरी पाहत राहिलें. एकटें आलेलें व नांव विचारलेलें मूल बहुधा एकच गोळी घेई. टोळीनें आलेलीं व नांव न विचारलेलीं मुलें मुठी भरून नेत. २०१४ मध्यें मिना सिकारा व रिबेका सॅक्स प्रभृतींनीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत याचा मेंदूंत शोध घेतला. कपाळामागें मधोमध एक भाग आहे. स्वतःविषयींचा, ‘मी कसा आहें’ हा विचार करतांना तो विशेष चेततो. कांहीं माणसांत संघ म्हणून खेळतांना हा भाग मंदावला, व ज्यांच्यांत तो अधिक मंदावला त्यांनीं पुढें प्रतिपक्षाच्या खेळाडूंचीं छापण्यासाठीं वाईट छायाचित्रें निवडलीं. हानि ती केवढीशी, वाईट छायाचित्र! तरी पण वाट दिसते. राग वाढण्याच्याहि आधीं ‘मी’ क्षीण होतो. सिकारा यांनींच २०११ मध्यें बेसबॉल संघांच्या कट्टर चाहत्यांचे मेंदू तपासले असतां, प्रतिस्पर्धी हरतांना सुखाचें केंद्र उजळतें असें आढळलें होतें. आणि ज्यांच्यांत तें जास्त उजळलें, तेच लोक त्या संघाच्या चाहत्यांना शिवीगाळ वा धक्काबुक्की करूं असें अधिक सांगत होते.

आजीच्या मशालवाल्यावर हें सर्व तंतोतंत बसवितां येणार नाहीं. त्याचा मेंदू कोणी मोजला नाहीं. पण एक गोष्ट जुळते. गाय त्याच्या लेखीं ब्राह्मण नव्हती. गोठ्यांत, जमावाच्या दृष्टीआड, तो पुनः पूर्वीचा मुलगा होता. त्याला दाव्याची गांठ आठवली. ओसरीपुढें येतांच समोर आमचें घर राहिलें नाहीं, ‘त्यांचें’ घर राहिलें. दिल्लीस एकानें केलेल्या पातकाचा हिशेब दूरच्या खेड्यांतील म्हाताऱ्या शिक्षकाकडून चुकता करून घेण्याला एवढा एकच शब्द पुरला. त्या रोषांत जमिनीचीं, सावकारीचीं, पंक्तींतील अपमानाचीं जुनीं दुखणींहि मिसळलेलीं होतीं, हें आमच्या घरांत कोणी उघड बोलत नसे, मी बोलतों. तरफा आधींपासून लावलेल्या होत्या.

हें दुसऱ्यांपुरतें आहे असें समजून मीहि साठीपर्यंत आलों होतों. मग २००९ चा गणेशोत्सव आला. मिरजेच्या विसर्जन-मिरवणुकीच्या स्वागतकमानी प्रसिद्ध आहेत. त्या वर्षीं एका कमानीवर अफझलखानवधाचें चित्र होतें, त्यावरून वाद पेटला, दगडफेक झाली, संचारबंदी पुकारली गेली, मंडळांचे गणपति विसर्जनावांचून राहिले, आणि लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडे पसरलें. ज्या गांवांत खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यांत दर वर्षीं हिंदु-मुसलमान मांडीला मांडी लावून रात्रभर गाणें ऐकतात, त्याच गांवांत हें झालें. अमुक गल्लींत अमुक झालें, अशा निरोपांचा मोबाइलवर पाऊस पडत होता. मी खिडकींत बसून ते वाचीत होतों, आणि खोटें कशाला सांगूं, कानशिलें तापलीं होतीं. या वयांत, इतकें वाचून! ‘त्यांना’ हा शब्द माझ्याहि मनांत चार वेळां आला.

माझा पुतण्या तेव्हां एकवीस वर्षांचा. मंडळाच्या कामांत त्याच्या चार रात्री जागून झालेल्या. एक रात्र न झोपलेल्या माणसांत अमिग्डला अधिक भडकते व पुढच्या मेंदूशीं तिचा संबंध सैल होतो, असें २००७ मध्यें अमेरिकेंत दिसून आलें आहे. आणि हा पुढचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत पुरता पिकत नाहीं, हेंहि आतां सर्वमान्य आहे. त्या दुपारीं मला यांतील कांहींच आठवलें नाहीं. पोरगा पायांत चपला घालून दाराकडे निघाला, मित्र कोपऱ्यावर वाट पाहत होते. माझ्या वहिनीनें, म्हणजे त्याच्या आईनें, त्याला अडविलें नाहीं कीं उपदेश केला नाहीं. मोटारसायकलची किल्ली तिनें सकाळींच तांदुळाच्या डब्यांत टाकली होती. “किल्ली शोध, तोंवर एवढा हंडा माडीवर नेऊन ठेव,” ती म्हणाली. तो चिडला, किल्लीसाठीं घरभर फिरला, हंडा नेला, परत आला, पुनः शोधूं लागला. ती त्याला नांवानें हांक मारीत राहिली, एकदां जेवायला, एकदां आजीचें औषध द्यायला. तासाभरानें तो माडीवर तसाच झोपला. कोपऱ्यावरचे मित्र गेले ते कोठें गेले, हें मी विचारलें नाहीं. हल्ल्याची वाट क्षणांत उघडते व लगामाची सावकाश ओढली जाते, तेव्हां मध्यें थोडा वेळ घालणें हाच उपाय, असें वहिनीला कोणी शिकविलेलें नव्हतें.

मेंदूच्या या ज्ञानानें अपराध धुऊन निघतो, असें म्हणणारे आतां निघाले आहेत. १९९३ मध्यें हॉलंडांतील एका कुटुंबांत, एका विशिष्ट विकराच्या (एन्झाइमच्या) अभावामुळें कित्येक पुरुष पिढीजात आडदांड निपजल्याचें हान ब्रुनर यांनीं दाखवून दिलें. तेव्हांपासून न्यायालयांत ‘माझ्या रक्तांतच दोष’ असा बचाव मांडला गेला आहे. तसा दोष अत्यंत विरळा. जमावांतील माणसें बहुतेक सर्व धडधाकट मेंदूंचीं असतात, आणि म्हणूनच काकांचा राक्षस मला पटत नाहीं. राक्षस मोजके असते तर बंदोबस्त सोपा होता.

आजीच्या गोष्टीचा शेवट राहिला. १९५७ मध्यें आजोबा मिरजेच्या मिशन इस्पितळांत होते, डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ मध्यें उघडलेल्या. आजी जेवणाचा डबा घेऊन जिन्याशीं उभी असतां समोरून तोच मनुष्य आला; त्याची बायको बाळंतीण होऊन तेथेंच होती. दोघांनीं एकमेकांस ओळखलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, “काकू, गाय हाय का हो अजून?”

“गाय दोन वर्षांमागें गेली,” आजीनें सांगितलें. “तें वासरूं आहे. तिसऱ्या वेताची झाली.”

तो मान हालवून जिना चढून गेला. आगीविषयीं तो बोलला नाहीं, आजीनेंहि विचारलें नाहीं. काकांचें म्हणणें, हा शुद्ध निर्लज्जपणा. आजीचें म्हणणें, त्याला जें म्हणावयाचें होतें तें त्यानें म्हटलें. आमच्या घरांत यावर अद्यापि दोन मतें आहेत.